एका हाकेवरचं काटेबोरी

माझ्या गळ्याचा उल्लेख एका पीएच.डी.च्या प्रबंधात आहे. थाप वाटत असेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात जावं, समाजशास्त्राच्या कपाटातला सगळ्यात जाड प्रबंध दोघांनी मिळून खाली काढावा आणि तिसऱ्या प्रकरणाची पहिली तळटीप शेवटपर्यंत वाचावी : "या अभ्यासात 'एक हाक' म्हणजे वारा पडलेला असताना, सकाळच्या वेळी, सदर सहकाऱ्याने उपाशीपोटी मारलेली हाक जेथवर स्पष्ट ऐकू येते तेवढे अंतर." सदर सहकारी म्हणजे मी. मीटरची मूळ पट्टी कुठंतरी फ्रान्समध्ये काचेच्या पेटीत जपून ठेवली होती म्हणतात. हाकेचं मूळ माप परभणीत होतं, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहत होतं आणि त्याला पेटी नव्हती, बायको होती.

हे सगळं सरांमुळं.

सर आमच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचे आणि मी मराठी. सरांचं शाळेतलं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालेलं. त्यामुळं वर्गात हजेरी घेताना ते नाव पुकारून वर "तशरीफ आणली का?" असं विचारायचे, आणि मागच्या बाकावरची पोरं उभी राहून कुर्निसात करायची. शर्टाची उजवी बाही नेहमी कोपरापर्यंत दुमडलेली, डावी मनगटापर्यंत खाली. कारण विचारलं तर म्हणायचे, "उजवा हात काम करतो. डावा नुसता सोबत असतो."

सरांचा विषय होता आपल्याच मुलखात घर गेलेली माणसं. यावर ते बोलायला लागले की कॉलेजच्या कँटीनमधला चहा थंड व्हायचा, पुन्हा तापायचा आणि पुन्हा थंड व्हायचा.

"हे बघा," ते म्हणायचे, "हद्द ओलांडून आलेल्याला निर्वासित म्हणतात. त्याला तंबू मिळतो, त्याचा फोटो निघतो. आता हा आपला माणूस. हा उठला आणि दहा कोसांवर गेला. तिकीट काय, तर एसटीचं! याला कुणी काही म्हणतच नाही. नवीन गावात विचारतात, 'काय पाव्हणं, किती दिवस मुक्काम?' तो बिचारा काय सांगणार? मरेपर्यंत, म्हणून?"

अभ्यासकाची सवय मोडू नये म्हणून सर दर दसऱ्याला स्वतःची खोली सोडायचे. त्याच गल्लीत, कधी समोर, कधी चार घरं पुढं. पण सरळ सामान उचललं आणि दुसरीकडं टाकलं, असं नाही. आधी ट्रंक, वळकटी, स्टोव्ह, पुस्तकांची पोती असं सगळं रस्त्यावर मांडायचे आणि सकाळपासून दिवस मावळेपर्यंत त्यात बसून राहायचे. येणारा-जाणारा काय बोलतो ते वहीत लिहायचे. पहिल्या वर्षी लोकांना वाटलं, मालकानं हाकललं. दुसऱ्या वर्षी वाटलं, डोकं फिरलं. तिसऱ्या वर्षापासून गल्लीतल्या बायका सोनं वाटायला निघाल्या की आधी सरांच्या ट्रंकेवर आपट्याचं पान ठेवायच्या. मी मोजलेल्या सतरा खोल्या. सरांना घर मिळत नाही म्हणून एका बाईनं त्यांच्यासाठी सोमवार धरले होते, हेही खरं आहे. निदान मी तरी असंच सांगत आलोय.

एसटीत सर कुणालाही "कुठं निघालात?" असं विचारत नसत. ते विचारायचे, "कुठून आलात?"

"परभणीहून."

"त्याच्या आधी?"

"आधी? आधी आमचे वडील पोखर्णीला होते."

"त्याच्या आधी?"

असं करत करत माणूस पणजोबाच्या गोठ्यापर्यंत जायचा. एकदा गंगाखेडच्या गाडीत त्यांनी कंडक्टरला धरलं. गोदावरीचा पूल येईपर्यंत कंडक्टर चार पिढ्या मागं गेला होता. गंगाखेड आलं, लोक उतरले, नवे चढले, आणि हा दारात उभा राहून डोळे पुसत ड्रायव्हरला सांगतोय, "मामा, आपण मूळचे हितले न्हाईच हो!" ड्रायव्हर म्हणाला, "बरं. मग घंटी मार, जाऊ तिकडं."

पण सरांचा खरा प्रश्न वेगळा होता. बाकीचे संशोधक फॉर्म घेऊन जायचे : जमीन किती, नुकसानभरपाई किती, कुटुंबात माणसं किती. सर जमिनीवर मांडी घालून बसायचे आणि विचारायचे, "निघताना शेवटचं काय उचललंत?"

या प्रश्नाला फॉर्मात जागा नसते. एका म्हाताऱ्यानं सांगितलं, वरवंटा उचलला. पाटा जड होता म्हणून राहिला, आणि तेव्हापासून घरात चटणी म्हटली की भांडण. एकानं पिठाच्या गिरणीचा पट्टा गळ्यात घालून आणला होता. गिरणी राहिली पाण्यात. एक बाई लाजून लाजून म्हणाली, "घाईघाईत शेजारणीचं झाकण उचललं की हो! ती आता कुठं असंल, आन् तिचं भगुलं उघडं असंल."

आणि चुडाव्याच्या स्टेशनामागं राहणाऱ्या गयाबाईनं पत्र्याच्या डब्यातून दाराची कडी काढून दाखवली. चार दुव्यांची लोखंडी कडी, एका बाजूनं काळी पडलेली.

"दार जळालं," ती म्हणाली. "कडी तेवढी गार झाल्यावर उचलली."

सरांनी त्या दिवशी वहीत काही लिहिलं नाही. परत येताना गाडीत मला म्हणाले, "तुमचा आवाज चांगला आहे."

मी म्हटलं, "धन्यवाद."

"तारीफ नाही करत. मला तो कामासाठी पाहिजे."

तिथून माझ्या गळ्याचं सार्वजनिक आयुष्य सुरू झालं. झालं होतं असं की, गाव गेलेल्या कुणालाही अंतर विचारलं तर फुटात, मीटरात सांगत नसे. "आमच्या घरापासून गिरणी? एका हाकेवर." "माहेर? दोन हाका, मधी वढा." सरांनी ठरवलं, माणसं ज्या मापानं जगली त्याच मापानं नकाशा काढायचा. त्यांच्या मार्गदर्शकांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, हाक हे एकक शास्त्रीय नाही. सर म्हणाले, "साहेब, मीटरनं भिंत कुठं होती ते कळतं. शेजार कुठवर होता ते कळत नाही." मार्गदर्शक म्हणाले, मग हाक प्रमाणित करा. सरांनी मला प्रमाणित केलं.

मला बर्फ बंद झाला. चिंच बंद, बोरं बंद, शेंगदाण्यावर पाणी बंद. बायकोशी मोठ्यानं भांडण बंद, म्हणजे माझ्या बाजूनं. रोज सकाळी स्टाफरूममध्ये सर माझ्या घशात बॅटरीचा उजेड टाकून बघायचे. मला सर्दी झाली की मराठवाड्यातलं संशोधन आठ दिवस ठप्प. हाकेचे शब्दही ठरलेले होते : "ओऽऽ, हाय का कोन घरात?" दुसऱ्या टोकाला सर पांढरं फडकं घेऊन उभे. ऐकू आलं की फडकं वर. चुडाव्याला मी पहिली हाक मारली तेव्हा सरांचं फडकं वर जायच्या आधी सात घरांची दारं उघडली, तीन ठिकाणी चहाचं आधण चढलं, आणि सासऱ्याच्या भीतीनं चार महिने माळ्यावर लपलेला एक जावई "आलो, आलो" करत खाली उतरला. पॅसेंजरही थांबली. ती तिथं रोजच थांबते, पण त्या दिवशी जरा अदबीनं थांबली.

आता काटेबोरीबद्दल सांगतो, कारण सगळं अडलं होतं ते तिथं.

काटेबोरी नावाचं गाव होतं. आता नाही. विद्यापीठाच्या नामांतराची ठिणगी पडली त्या साली गावाच्या कडेला राहणारी बौद्धांची घरं जाळली गेली. जाळणारे लांबून आलेले नव्हते, काटेबोरीचेच होते. गयाबाई आणि तिच्या गल्लीतली सगळी माणसं दिवेलागणीला नेसत्या कपड्यांनिशी निघाली आणि चुडाव्याला रेल्वेच्या कडेनं राहिली. पुढं थोड्याच वर्षांत धरण झालं आणि उरलेलं काटेबोरीही पाण्यात गेलं. ज्यांनी त्यांना घालवलं तेही निघाले. कुणबी पोखर्णीच्या रस्त्याला माळावर वसले, पाटील मुलाकडं गंगाखेडला गेले. असं गाव तीन ठिकाणी सांडलं.

आणि मग नावही गेलं. एसटीच्या पाटीवरून गेलं, पोस्टातून गेलं. काटेबोरीच्या पत्त्यावर पाठवलेली लग्नपत्रिका पाठवणाऱ्याकडंच परत यायची. सरकारी नकाशावर पूर्वी गावाच्या जागी एक रिकामा चौकोन होता आणि त्यात लिहिलं होतं 'गावठाण'. नव्या नकाशावर तिथं निळा रंग आला. तिन्ही ठिकाणचे लोक एकमेकांशी बोलत नव्हते, पण सरांना तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट सांगायचे : "सर, तेवढं आमच्या गावाचं नाव छापून येऊ द्या. कुठंतरी ऱ्हाऊ द्या."

सर म्हणाले, येईल. शब्द दिला. मग प्रबंधात काटेबोरीचा नकाशा काढायला बसले आणि दोन माणसांच्या मध्ये अडकले.

गयाबाईच्या घरापासून पाटलांच्या माडीपर्यंत अंतर किती?

गयाबाई म्हणाली, "एक हाक. म्या त्या दिवशी दारातून हाक मारली हुती पाटलाला. 'पाटील, या हो!' म्हून. त्यो आला असता तर पोरं मागं फिरली असती. त्याच्या शब्दाभायेर न्हवती."

गंगाखेडला पाटील म्हणाले, "तीन हाका. वर मधी चिंचंची झाडं. काय ऐकू येनार? आलं असतं तर गेलो नसतो का म्या?"

सरांनी दोघांना पुन्हा पुन्हा विचारलं. एका वर्षी मी सोबत होतो, पाटलांनी आम्हाला उसाचा रस पाजला (मला बिनबर्फाचा) आणि न विचारता म्हणाले, "तीन." दुसऱ्या वर्षी म्हणाले, "तीन. सव्वातीनच धरा." बाकी सगळा नकाशा पुरा झाला. उकिरडे लागले, गोठे लागले. त्या दोन घरांमधल्या रेघेवर मात्र सरांनी पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढलं, आणि प्रबंध बांधून ट्रंकेत ठेवला.

मित्र विचारायचे, "सर, प्रबंध का देत नाही?" सर म्हणायचे, "नामांतर होऊ द्या. ज्या विद्यापीठाचंच नाव ठरायचं राहिलंय, त्याच्यापुढं नाव गेलेल्या गावाची कैफियत कशी ठेवू?" लोकांना हे फार आवडायचं. टाळ्या पडायच्या. सर नामांतराच्या बाजूचे होते, मोर्चात उन्हातान्हात चाललेले होते, त्यामुळं कुणाला शंका आली नाही. खरं कारण ट्रंकेत होतं. मला माहीत होतं. बाइंडिंगवाल्यालाही माहीत नव्हतं, आणि त्यानं तर मुखपृष्ठावर विद्यापीठाच्या नावाची जागा सोडून किती वेळा पुठ्ठे कापले! दर वेळी म्हणायचा, "सर, तुमच्या पुस्तकाला तोंड हाय, कपाळच न्हाई."

आणि मग एका संक्रांतीला नाव झालं. अख्खं परभणी रस्त्यावर आलं, गुलाल उधळला गेला. सर नाचले. मी हे डोळ्यांनी पाहिलंय : एक बाही वर, एक खाली, आणि चौकात हलगीवर आमचे समाजशास्त्राचे विभागप्रमुख. नाचता नाचता मला जवळ ओढून कानात म्हणाले, "झालं. माझा बहाणा संपला."

दुसऱ्या दिवशी बाइंडिंगवाल्यानं सोनेरी अक्षरांत नाव छापलं. प्रबंध गेला. पेन्सिलच्या प्रश्नचिन्हासकट.

काही महिन्यांनी बाहेरच्या परीक्षकांचं पत्र आलं. लांबच्या विद्यापीठातले, फार कडक म्हणून नावाजलेले. पत्र दोन ओळींचं होतं : हाक हे एकक पटल्याशिवाय मी सही करणार नाही. नकाशातील प्रश्नचिन्हाचा खुलासा व्हावा. शक्य असल्यास प्रत्यक्ष दाखवावे.

तीनदा वाचून सर म्हणाले, "प्रत्यक्ष दाखवावे! वल्लाह! याला म्हणतात परीक्षक."

"सर," मी म्हटलं, "गाव पाण्याखाली आहे."

"मग वर काढू."

काढलं. दिवाळीनंतर पोखर्णीच्या रस्त्याला काटेबोरीकरांच्याच एका मोकळ्या रानात सरांनी कॉलेजच्या क्रीडाशिक्षकाकडून कबड्डीच्या मैदानावर मारतात ती पांढरी फक्की आणली, सोळा पोती. तिन्ही ठिकाणी निरोप गेले. चुडाव्याचे यायला तयार नव्हते. गयाबाई म्हणाली, "नकाशात आमची गल्ली असंल तर येते." सर म्हणाले, "नकाशा तिथूनच सुरू होतो." पाटील तर सरळ नाही म्हणाले. सरांनी गंगाखेडला दुसरा निरोप धाडला : काही हरकत नाही, आपण नसलात तरी लोक आठवतील तशी आपली माडी काढू, सध्या दोन खणांची निघते आहे. पाटील पहिल्या एसटीनं आले. काठी टेकत, श्वास लागलेला. उतरल्या उतरल्या ओरडले, "पाच खण! पाच!"

आधल्या दिवशी सगळं गाव आखलं गेलं. टेप नाही, साखळी नाही. सुरुवात गिरणीपासून. गळ्यात पट्टा घालून आणणारा गिरणीवाला मधोमध उभा राहिला, बाकीचे लांब होत गेले आणि एकमेकांना हाका मारत आपापली जागा धरू लागले. "आणखी मागं सरक रं, तुझा आवाज लय जवळ यायलाय!" "मावशे, तू न्हानीत उभी हायस माझ्या!" जिथं हाक ओळखीची लागली तिथं खुंटी, तिथून फक्कीची रेघ. दोन भाऊ एका रेघेवरून हातघाईवर आले. वीतभर भिंत इकडं की तिकडं, हा त्यांचा तालुक्याच्या कोर्टातला दावा धरणानं बुडवला होता, तो फक्कीत पुन्हा उभा राहिला. मी सोडवायला धावलो तर सरांनी मलाच धरलं. "भांडू द्या! भांडण जुळलं म्हणजे नकाशा बरोबर आहे!" बायकांनी अंगण म्हणून आखलेल्या जागेवर खरोखर सडा टाकला. एकीनं तर जुन्या शेजारणीला शोधून तिचं झाकण परत केलं. दोघी इतक्या जोरात हसल्या की फक्की उडाली.

आणि मी? चार वर्षं ब्रह्मचाऱ्यासारखा राखलेला गळा घेऊन मी तिथं हिंडत होतो, लोक खूश, हवा थंड, आणि रस्त्याच्या कडेला बर्फाचा गोळेवाला. दिवाळीनंतर गोळे कोण खातं? मी खाल्ले. एक लाल, एक हिरवा, आणि दोन्ही संपल्यावर मागं राहिलेला रंग धुऊन जावा म्हणून एक साधा.

सकाळी परीक्षक आले. बारीक चणीचे, कानटोपी, हातात कातडी बॅग. आल्या आल्या त्यांनी सगळ्या रानावर नजर फिरवली आणि सरांकडं सरळ चालत निघाले. रेघा तुडवत.

"ओ सायेब!"

साहेब थांबले. डाव्या हाताला गोणपाटावर गयाबाई बसली होती. चारी बाजूंनी फक्कीची चौकट, पुढं जमिनीत रोवलेल्या दोन काठ्या, आणि एका काठीला तारेनं बांधलेली ती कडी.

"भितीतून कामून यायलाव? दार तिकडं हाय की."

परीक्षकांनी पायाकडं बघितलं. त्यांचा एक बूट गयाबाईच्या चुलीत होता. "माफ करा," म्हणून ते उलटे मागं गेले, रेघेच्या कडेनं वळसा घालून दोन काठ्यांशी आले आणि आत आले. आत येताना वाकले. वर मोकळं आभाळ, कुठं चौकट नाही, तरी साहेब वाकले. सरांनी मला कोपर मारलं, इतकं की बरगडी अजून थंडीत दुखते.

पाणी पिऊन परीक्षक बाहेर आले. "प्रश्नचिन्ह कुठं आहे?" म्हणाले.

सरांनी दाखवलं. हे घर गयाबाईचं, ती पलीकडं पाच खणांची माडी पाटलांची. ही दोन्ही घरं सोडून बाकी सगळ्यांच्या हाकांवरून दोन्हींच्या जागा बसवलेल्या. मध्ये चिंचा होत्या तिथं फांद्या रोवल्या होत्या. माडीच्या अंगणात पाटील आमच्याकडं पाठ करून खाटेवर बसलेले, चारपाच जणांना आपला गोठा केवढा होता ते सांगत होते.

"ठीक," परीक्षक म्हणाले. "आता प्रमाणित हाक मारा."

सर अभिमानानं माझ्याकडं वळले. मी छाती भरून घेतली, तोंड उघडलं, आणि आतून जुन्या सायकलचा पंप वाजावा तसा आवाज आला. पुन्हा मारली. पंपातली हवाही गेली.

सरांचा चेहरा मला सांगता येणार नाही. ते नुसते म्हणाले, "गोळा?"

मी बोटांनी सांगितलं : तीन.

परीक्षकांनी घड्याळ बघितलं, बॅग उचलली. "हीच माझी हरकत होती," ते म्हणाले. "एकक गोळा खातं. मीटर गोळा खात नाही." संपलंच होतं सगळं. नकाशा, प्रबंध, काटेबोरीचं नाव, सगळं त्या बॅगेत बसून परत निघालं होतं.

"त्या मास्तरला कशाला तरास?" गयाबाई उठली. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. "त्यानं कुठं मारली हुती हाक? म्या मारली हुती."

ती दोन काठ्यांच्या मध्ये येऊन उभी राहिली. पाटलांना कुणी काही सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं ती रान हलवून सोडेल. पण तिनं वयाला झेपेल एवढीच हाक मारली, जरा चिरकलेली.

"पाटीलऽ, या होऽऽ!"

पाटलांची मान वळली.

एवढंच. त्यांना थांबवायला वेळ मिळाला नाही. गोठ्याचं वर्णन अर्ध्यात, हात हवेत, आणि मान इकडं. सगळ्या काटेबोरीनं ती मान वळताना बघितली. दोघं भाऊ भांडायचे थांबले. परीक्षकांनी बॅग खाली ठेवली.

पाटील बराच वेळ खाटेवर बसून राहिले. मग काठी घेऊन उठले. मला वाटलं, निघाले रस्त्याला, गेली गंगाखेडची गाडी. पण ते आपल्या अंगणातून बाहेर पडले आणि गावातून यायला लागले. सरळ नाही, रेघा न तुडवता. गिरणीला वळसा घातला, बोळातून आले, त्या दोन भावांच्या वादाच्या भिंतीशी अंग चोरून निघाले, चिंचांच्या खालून आले. एवढंसं अंतर त्यांनी एवढ्या वेळात कापलं की मला घशात आवाज परत यायला लागल्यासारखा वाटला. दोन काठ्यांशी येऊन उभे राहिले. गयाबाई आत जाऊन गोणपाटावर बसली होती, हातभरावर, त्यांच्याकडं तोंड करून. मध्ये भिंत नाही, दार नाही, पडदा नाही.

पाटलांनी हात पुढं करून कडी वाजवली.

"कोन हाय?" गयाबाईनं विचारलं.

"म्या. पाटील."

"कोन्ता पाटील?"

"काटेबोरीचा."

"बरं. काय काम काढलं?"

"ऐकू आली हुती मला," पाटील म्हणाले. आवाज माझ्यापेक्षाही बसलेला. "तवाबी. बसून ऱ्हायलो."

"मला ठावं हाय," गयाबाई म्हणाली. "तुमच्या तोंडून ऐकायचं हुतं. सोळा वर्सं लागली व्हय माडी उतरायला? गुडगे लयच दुखत असतील." मग गोणपाटावर जागा करत, "या. पर वाकून या, दार ठेंगणं हाय."

पाटील वाकले.

इकडं सरांनी परीक्षकांच्या बॅगेतून प्रबंध काढून उघडला आणि उजव्या हातानं, त्या काम करणाऱ्या, खिशातून खोडरबर काढलं. डावा नुसता सोबत होता, पान धरीना. परीक्षकांनी कानटोपी सरकवून पान दोन्ही हातांनी धरलं. सरांनी प्रश्नचिन्ह खोडलं, फुंकर मारली आणि लिहिलं : एक हाक. परीक्षकांनी स्वतःचं पेन काढून खाली समासात सही केली. म्हणाले, "तळटीपेत सहकाऱ्याच्या गोळ्यांचीही नोंद करा. शास्त्राला धरून होईल." सरांनी ती केली. म्हणून तर म्हटलं, तळटीप शेवटपर्यंत वाचावी.

तेवढ्यात वारं सुटलं. फक्की उडायला लागली, रेघा पुसट व्हायला लागल्या, माणसं पदर, उपरणी धरून उभी राहिली. आणि गयाबाईचा आवाज आला, अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा :

"पाटील, बसलाव काय नुसते? उठा, दार लावा, वारं यायलंय!"

पाटील उठले. त्या दोन काठ्यांच्या मधलं नसलेलं दार त्यांनी दोन्ही हातांनी नीट ओढून घेतलं आणि आतून कडी घातली.